स्वाक्षरी कोणाची? — डहाणू-तलासरीच्या ग्रामसभांतील स्त्रिया

‘प्रतिनिधि’ हा शब्द आज वर्तमानपत्रांतून इतका सरसकट वापरला जातो कीं, त्याचें मूळ घर कोणतें याची आठवणहि राहिलेली नाहीं. हा शब्द मीमांसकांच्या घरचा आहे. यज्ञासाठीं सोम न मिळाला तर पूतिका नांवाची वेल घ्यावी, विहित धान्य न मिळालें तर त्याच्या जवळचें दुसरें घ्यावें, असा विचार जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायांत आला आहे. मूळ वस्तूच्या जागीं जी दुसरी वस्तु येते ती प्रतिनिधि. परंतु शास्त्रकारांनीं तेथेंच एक मर्यादाहि घालून दिली आहे. देवतेला प्रतिनिधि नाहीं, मंत्राला नाहीं, आणि यज्ञाचा जो स्वामी, ज्यानें संकल्प सोडला व ज्याला फल मिळावयाचें, त्या यजमानालाहि नाहीं. द्रव्य बदलतां येईल, पण यजमान बदलतां येणार नाहीं.

हें जुनें प्रकरण येथें काढण्यास कारण आहे. महाराष्ट्रांतील निम्मीं सरपंचपदें आज कायद्यानें स्त्रियांसाठीं राखून ठेवलेलीं आहेत. त्याविषयीं आपल्या घरांतून, जेवणें आटोपल्यावर सुपारी कातरतांना, जें बोलणें होतें तें बहुधा एका वाक्यांत संपतें: “बाई नांवाची, कारभार नवऱ्याचा.” हें वाक्य सर्वस्वीं खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें उच्चारून आपण स्वस्थ बसावें इतकें तें पुरेसेंहि नाहीं. बाईच्या जागीं नवरा येऊन बसतो तो नेमका कोणत्या वाटेनें, ती वाट बंद करण्याचे उपाय कोणते, आणि जेथें बाई स्वतः बोलते तेथें तिच्या बोलण्यानें काय बदलतें, हें पाहिल्याखेरीज निवाडा देणें सुज्ञांस शोभत नाहीं. यासाठीं आम्ही आज वाचकांस डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत नेऊं इच्छितों.

डहाणू आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाचें आहे. घोलवडचे चिकू, बोर्डीचा किनारा, सुरूचीं झाडें आणि उन्हाळ्याच्या सुटींतील चार दिवस, एवढी ओळख असतेच. पण ही ओळख आगगाडीच्या रुळांच्या पश्चिमेची झाली. रूळ ओलांडून पूर्वेस गेलें कीं डोंगर लागतात, पाडे लागतात, आणि वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, कातकरी यांची वस्ती सुरू होते. २०११ च्या खानेसुमारींत डहाणू तालुक्यांत सुमारें ४ लक्ष माणसें मोजलीं गेलीं व तलासरींत सुमारें दीड लक्ष. तलासरींत तर दर १० माणसांत ९ आदिवासी. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला, त्यांत हे दोन्ही तालुके गेले. दोहोंचाहि प्रदेश राज्यघटनेच्या पांचव्या अनुसूचींत मोडतो.

त्यामुळें येथील ग्रामपंचायतींस दोन कायद्यांचा आधार आहे. पहिला ७३ व्या घटनादुरुस्तीचा. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली आणि तिनें पंचायतींतील एकतृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. महाराष्ट्रानें २०११ मध्यें त्या निम्म्यावर नेल्या. दुसरा कायदा १९९६ चा. त्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक ‘पेसा’ म्हणतात. त्यानें अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचें प्रमुखपद आदिवासींसाठींच राखलें, आणि गांवची जमीन, पाणी, गौण वनोपज, दारू व सावकारी यांविषयीं बोलण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. महाराष्ट्राचे त्याखालील नियम २०१४ मध्यें झाले; त्यांच्या आधारें एखादा पाडाहि आपली स्वतंत्र ग्रामसभा मागूं शकतो. दोन्ही कायदे एकत्र वाचले म्हणजे अर्थ असा निघतो कीं, या तालुक्यांत सुमारें निम्म्या गांवांचें प्रमुखपद आदिवासी स्त्रीच्या हातीं गेलेंच पाहिजे.

हें अंतर केवढें मोठें आहे तें समजण्यासाठीं ८० वर्षें मागें जावें लागतें. १९४५ सालीं या भागांत वेठबिगार चालू होती. लग्नासाठीं सावकाराकडून थोडे रुपये काढावयाचे, कागदावर अंगठा उठवावयाचा, आणि मग नवराबायकोनें जन्मभर त्याच्या शेतावर राबावयाचें. या गुलामगिरीस ‘लग्नगडी’ असें नांव होतें. कागदावर काय लिहिलें आहे हें अंगठा उठविणाऱ्यास ठाऊक नसे. २३ मे १९४५ रोजीं झरी या गांवीं, जें आतां तलासरी तालुक्यांत आहे, हजारों वारली जमले आणि यापुढें वेठ करावयाची नाहीं असें ठरवून उठले. त्यांच्यांत वावरणाऱ्या गोदावरी परुळेकर या पुण्याच्या गोखल्यांच्या कन्या, कायद्याची परीक्षा उतरलेल्या. त्यांनीं ते दिवस ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहून ठेवले. त्या पुस्तकास १९७२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

त्याच १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या, आणि १९५७ मध्यें तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. अनुताई तेराव्या वर्षीं लग्न होऊन सहा महिन्यांतच विधवा झालेल्या होत्या. त्या काळच्या आपल्या घरांत अशा मुलीच्या वांट्यास काय येत असे तें वाचकांस सांगावयास नको. तिनें आपलें उभें आयुष्य वारल्यांच्या मुलांना अक्षरें शिकविण्यांत घातलें. आज गांवोगांव दिसणारी अंगणवाडी ही संस्था ज्या कल्पनेंतून वाढली, ती कल्पना बोर्डी-कोसबाडच्या अंगणांत रुजलेली आहे.

मात्र आपल्या या भगिनींनीं जाऊन तेथील स्त्रीस प्रथम वाचा दिली, असें समजणें चुकीचें होईल. वारल्यांच्या लग्नांत पौरोहित्य करते ती धवलेरी, आणि धवलेरी ही स्त्री असते. तिच्या गाण्यावांचून लग्न लागत नाहीं. लग्नाचा चौक, ज्याच्या मध्यें पालघट देवी असते, तो भिंतीवर काढण्याचा मान सुवासिनींचा. पुरुषांनीं ही चित्रकला कागदावर आणि बाजारांत आणली ती १९७० च्या पुढें, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यापासून. याच समाजांत एखाद्या एकट्या बाईस भुताळी ठरवून तिचा छळ करण्याची दुष्ट चालहि होती, हें विसरून चालणार नाहीं. परंतु ज्या समाजांत लग्नाचा मंत्र स्त्रीच्या मुखीं आहे, तेथील स्त्री ग्रामसभेंत गप्प बसत असेल, तर त्याचें कारण तिच्या स्वभावांत शोधूं नये; सभेच्या रचनेंत शोधावें.

ती रचना कशी असते? ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास भरते. डहाणू-तलासरीचीं पुष्कळ कुटुंबें दिवाळी झाली कीं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जातात, तीं पावसाच्या तोंडीं परततात. म्हणजे चारांपैकीं दोन सभा त्यांच्या गैरहजेरींतच होतात. ज्या बायका मागें राहतात त्यांना सभेच्या वेळींच पाणी भरावयाचें असतें, सरपण आणावयाचें असतें. आल्या तरी पुरुष खुर्च्यांवर, बायका खालीं भिंतीला टेकून. आणि विषयपत्रिका वाचली जाते ती कार्यालयीन मराठींत, जी त्यांच्या घरांत कोणी बोलत नाहीं.

महाराष्ट्राच्या पंचायत कायद्यांत यावर एक उपाय लिहिलेला आहे. नियमित ग्रामसभेच्या आधीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. पुष्कळ गांवीं ती केवळ वहींत भरते. डहाणूच्या पूर्वभागांतील एका पाड्यावर मात्र ती खरोखर भरलेली आम्हीं पाहिली. अंगणवाडीचा ओटा, पंचवीसतीस बायका, आणि सरपंचबाई तिशीच्या आंतल्या, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या. विषय हातपंपाचा निघाला. पंप नादुरुस्त होऊन बरेच दिवस झाले होते आणि बायका ओढ्यांत झरा खणून पाणी आणीत होत्या. एक म्हातारी उठून म्हणाली, “आमी दिवाळी झाली कां भट्टीवर जाणार. तुमची सभा जानेवारीला. मंग आमचा कोण लिवून घेणार?” थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग सरपंचबाईंनीं मोबाईल काढला व म्हणाल्या, “आजी, आतांच बोल. मी धरून ठेवतें, सभेंत ऐकवतें.” म्हातारीस आपलें म्हणणें दोनदां सांगावें लागलें, कारण पहिल्या खेपेस मध्येंच कोंबडा आरवला.

जानेवारीच्या सभेंत तो आवाज ऐकविला गेला. कांहीं पुरुष हंसले. पण ठरावाच्या वहींत त्या पाड्याचा हातपंप रस्त्याच्या आधीं लिहिला गेला. ज्या तालुक्यांच्या शेजारून सूर्या नदीवरील धामणी धरणाचें पाणी मोठ्या नळांनीं वसई-विरारच्या शहरांस जातें, तेथें एका हातपंपाचा क्रम बदलणें ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढणाऱ्या बाईस ती क्षुल्लक वाटत नाहीं.

पाणी आधीं आणि इतर मागून, हा क्रम त्या एकाच पाड्याचा आहे असेंहि नव्हे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनीं पश्चिम बंगालमधील बीरभूम व राजस्थानांतील उदेपूर या जिल्ह्यांतील पंचायती तपासून २००४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या पंचायतीचें प्रमुखपद स्त्रीकडे जावें हें तेथें गांवाच्या गुणावगुणांवरून ठरलें नव्हतें, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरलें होतें. म्हणूनच दोन प्रकारच्या गांवांची तुलना निर्दोष झाली. निष्कर्ष असा निघाला कीं, जेथें स्त्री प्रमुख होती तेथें पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला, आणि त्या भागांतील स्त्रियांच्या तक्रारींतहि पाणीच वरचें होतें. बीरभूमच्या स्त्रियांना रस्त्याच्या कामावर मजुरी मिळत असे, म्हणून त्यांना रस्तेहि हवे होते; तेथें रस्तेहि अधिक झाले. या स्त्री-प्रमुख पुरुषांपेक्षां कमी शिकलेल्या होत्या आणि पुष्कळजणी नवऱ्याची मदत घेत होत्या. तरीहि फरक पडला. डफ्लोबाईंना पुढें २०१९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. “बाई नांवाची” या आपल्या वाक्यास हा पहिला सप्रमाण आक्षेप होय.

आतां नवरा शिरतो त्या वाटेकडे वळूं. पूर्वीं ती वाट शिक्क्याची आणि चेकबुकाची होती. शिक्का नवऱ्याच्या खिशांत, आणि बाईनें स्वयंपाकघरांतून येऊन सांगितलेल्या ठिकाणीं नांव गिरवावयाचें. असल्या गृहस्थास लोकांनीं ‘सरपंचपति’ अशी पदवीहि बहाल केली. हा रोग एवढा पसरला कीं, केंद्रीय पंचायतराज मंत्रालयानें २०२३ मध्यें त्यासाठीं समिति नेमली व तिचा अहवाल २०२५ मध्यें सादर झाला. परंतु दरम्यान शिक्काच बदलला. २४ एप्रिल २०२० रोजीं ‘ई-ग्रामस्वराज’ नांवाची व्यवस्था सुरू झाली. पंचायतीच्या सरकारी निधीचा जमाखर्च तिच्यावर चढवावयाचा आणि पैसे द्यावयाचे ते संगणकीय स्वाक्षरीनें. ही स्वाक्षरी पेनाच्या टोपणाएवढ्या एका किल्लींत असते. तिला सगळे ‘डोंगल’ म्हणतात. एक सरपंचाची, एक ग्रामसेवकाची, ज्यांना आतां ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दोन्ही लागल्यावांचून रुपया हलत नाहीं.

योजना चांगली आहे. कागदावर खाडाखोड करतां येत होती, ती येथें येत नाहीं. पण ही किल्ली जर कार्यालयांतील संगणकचालकाच्या खणांत राहूं लागली, आणि तिचा गुप्त आंकडा जर बाईच्या नवऱ्यास ठाऊक व बाईस नाहीं अशी स्थिति झाली, तर बाईस गिरवण्यापुरतेंहि ओट्यावरून उठावें लागत नाहीं. पूर्वीं निदान तिचा हात तरी लागत असे! १९४५ च्या वारल्यास ठाऊक नव्हतें कीं, अंगठ्यावर कागदांत काय लिहिलें आहे. आजच्या सरपंचबाईला आपला अंगठा कोठें उठला, किंबहुना उठला कीं नाहीं, हेंहि कळूं नये, अशी सोय झाली आहे. यंत्र नवें असलें तरी फसवणूक जुनीच आहे, आणि ज्या भूमींत तिच्याविरुद्ध माणसें एकदां उठलीं तेथें तरी ती पुन्हा रुजतां कामा नये.

दुसरी वाट व्हॉट्सॲपची. आज बहुतेक पंचायतींचा एक समूह त्यावर असतो. पाणी केव्हां सुटणार, शिबिर कोठें, अर्जाची मुदत कधीं, हें सर्व तेथेंच कळतें. पण त्यांत ‘सरपंच’ म्हणून नोंदलेला क्रमांक अनेकदां नवऱ्याचा असतो, आणि स्त्री-सदस्यांपैकीं एखादीच तेथें असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, देशांत १०० स्त्रियांपैकीं सुमारें ३३ नीं कधींकाळीं इंटरनेट वापरलें होतें, आणि पुरुषांपैकीं सुमारें ५७ नीं. डोंगरी पाड्यावर, जेथें घरांत एकच मोबाईल आणि तोहि कामावर जाणाऱ्याच्या खिशांत, तेथें अंतर याहून लहान असण्याचें कारण नाहीं. तेव्हां समूहावर ‘सर्व गांवाचें मत’ म्हणून जें दिसतें, तें प्रायः अर्ध्या गांवाचें असतें.

२०२५ मध्यें केंद्र सरकारनें ‘सभासार’ नांवाचें एक साधन काढलें. ग्रामसभेचें बोलणें ध्वनिमुद्रित केलें कीं तें त्याचा वृत्तांत आपोआप तयार करतें. त्याच्या चतुराईविषयीं आम्हांस कौतुक वाटतें. तथापि जी बाई सभेंत बोललीच नाहीं तिचें म्हणणें कोणतेंहि यंत्र वहींत उतरवूं शकणार नाहीं.

असें असलें तरी मोबाईल हा स्त्रियांचा वैरी आहे असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. भट्टीवर गेलेल्या बाईचा गांवाशीं जो धागा उरतो तो त्याचाच. मुलाची अंगणवाडींतील नोंद, शिधापत्रिका, गरोदरपणाची तपासणी, यांविषयीं ती सरपंचबाईस तेथूनच विचारूं शकते. नवऱ्याच्या क्रमांकावर मात्र तिनें हें विचारावें कसें? ई-ग्रामस्वराजवर गांवाचा आराखडा व खर्च कोणासहि पाहतां येतो. ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग स्त्रिया व बालकें यांच्यासाठीं खर्च करावा असा दंडक आहे. तो पाळला गेला कीं नाहीं हें आतां एखादी शिकलेली मुलगी वही पाहून आणि आराखडा उघडून आईस वाचून दाखवूं शकते.

२०२४ मध्यें सुरू झालेल्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेनें तर हजारों घरांत बायकांना स्वतःच्या नांवाचें बँकेंतील खातें व मोबाईल यांची गरज प्रथमच भासविली. दरमहा १,५०० रुपये तिच्या नांवानें येतात. २०२५ च्या सप्टेंबरांत तिची पुनर्पडताळणी सुरू झाली, तेव्हां बाईच्या आधारक्रमांकाबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाहि आधारक्रमांक मागण्यांत आला. जिचा नवरा वारला, जिला टाकून गेला, जिचे वडील कधींच निवर्तले, तिनें काय करावें? असली अडचण वरच्या कार्यालयांत बसणाऱ्यास सुचत नाहीं. ती पाड्यावरच्या स्त्री-सदस्येस सुचते, कारण दुसऱ्या दिवशीं ती बाई तिच्याच ओट्यावर येऊन बसते. स्त्रियांचें हित स्त्रीनेंच सांगावें असें जें म्हणतात, त्याचा अर्थ आमच्या मतें इतकाच आहे. यांत स्त्रीचा स्वभाव श्रेष्ठ असल्याचा दावा नाहीं. तिचा ओटा जवळ आहे.

कांहीं कामें मात्र अशीं आहेत कीं, तीं मोबाईलवर होत नाहींत. तेथें देहानें हजर राहावें लागतें. वनहक्कांसाठीं भरणाऱ्या ग्रामसभेंत निम्मे सभासद हवेत आणि हजर असणाऱ्यांत एकतृतीयांश स्त्रिया हव्यात, असा २०१२ पासून नियम आहे. आणि मिळणारा वनपट्टा नवराबायको दोघांच्या नांवानें निघतो. दारूचें दुकान बंद करावयाचें असेल तर गांवांतील २५ टक्के स्त्री-मतदारांनीं मागणी करावयाची, मग गुप्त मतदान, आणि नोंदलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक मतें ‘आडव्या बाटली’स पडावयास हवींत. २०१५ च्या अमृत आहार योजनेंत गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांस अंगणवाडींत रोज एक वेळचें पूर्ण जेवण मिळतें. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितींत निवडून आलेल्या स्त्री-पंचास स्थान आहे. ताटांत काय पडलें तें तिनें तेथें जाऊनच पाहिलें पाहिजे.

कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवांचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि पंधरा दिवसांच्या आंत राज्य सरकारनें तो इतर गांवांस आदर्श म्हणून कळविला. अनुताईंच्या वयाच्या मुलींसाठीं असा ठराव कोणत्याहि गांवानें केला नव्हता. गांवची सभा केवळ गटारें व दिवे यांसाठीं नसते, हें हेरवाडनें दाखविलें.

येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो. बोलावयाचा अधिकार मिळाला, पण मालकीचें काय? डहाणू तालुक्यांतील वाढवणच्या बंदरास १९ जून २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मंजुरी दिली. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान आगगाडीचा मार्गहि याच भागांतून जातो. बंदर व्हावें कीं न व्हावें या वादांत आम्ही येथें पडत नाहीं. पण मोबदल्याचा हिशेब मांडला जातो तो सात-बारावरील खातेदाराशीं. किनाऱ्यावर मासळी सुकविणारी व टोपलींतून विकणारी बाई कोणत्याच उताऱ्यावर नसते. तिचें नुकसान सभेंत कोणी बोललें तरच मोजलें जाईल. यासाठीं ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्यें घर दोघांच्या नांवें लावण्याची जी सोय आहे, तिचा लाभ घरोघर घेववणें हें स्त्री-सरपंचाचें पहिलें काम असावें, असें आम्हांस वाटतें. तें करण्यास पैसा लागत नाहीं. केवळ अर्ज आणि आग्रह लागतो.

आणखी एक अडचण कायद्यानेंच करून ठेवली आहे. राखीव जागा पाळीपाळीनें फिरते. पांच वर्षांत बाई काम शिकते, तोंच जागा फिरते व पुन्हा नवी बाई आणि जुना नवरा असा खेळ सुरू होतो. सरपंच थेट गांवानें निवडण्याची पद्धति २०१७ मध्यें आली, २०२० मध्यें गेली, २०२२ मध्यें पुन्हा आली. थेट निवडून आलेल्या बाईस चार सदस्यांनीं हेवेदाव्यानें खालीं ओढणें कठीण जातें, हा तिचा लाभ. पण पाळी संपल्यावर ती खुल्या जागेवर उभी राहूं शकते, हें तिला कोणी सांगत नाहीं. सांगितलें पाहिजे.

तर मग आपल्या वाक्याचा निवाडा काय करावा? “बाई नांवाची” हें जेथें खरें आहे, तेथें दोष बाईंत शोधण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्यात. ग्रामसभेपूर्वींची स्त्रियांची सभा भरते काय? समूहावरचा क्रमांक कोणाचा आहे? आणि डोंगल कोणाच्या पदराला बांधलेली आहे? ही तीन उत्तरें नीट मिळालीं कीं बाकीचें बाई करते. आम्हीं पाहिलेल्या पाड्यावरील बाईनें केलें.

हे प्रश्न आपल्या उंबऱ्याच्या आंतहि विचारण्याजोगे आहेत. आपण ज्या सहकारी गृहसंस्थांत राहतों, त्यांच्या व्यवस्थापक समितीवर दोन जागा स्त्रियांसाठीं राखलेल्या असतात. त्या जागांवर नांव आपल्या सुनेचें आणि सभेस हजर आपण, असें किती घरांत चालतें? आजीचें निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेश आजीस कळतो कीं नातवास? वडिलोपार्जित घराच्या वांटणीपत्रावर बहिणीची सही घेतांना तिला तें कोणी वाचून दाखवितें काय? वारल्याचा अंगठा आणि आपल्या घरांतील बायकांची सही यांत अंतर आहे खरें, पण आपण समजतों तेवढें नाहीं.

शास्त्रकारांनीं यजमानाला प्रतिनिधि नाकारला, त्याचें कारण त्यांनीं सांगितलें आहे: फल ज्याचें, कर्म त्याचें. गांवाच्या पाण्याचें फल जिच्या डोक्यावर आहे, तिच्या जागीं दुसरा बसूं शकत नाहीं. आमच्या वाचकांनीं यासाठीं डहाणूस जावयासच हवें असें नाहीं. घरांतील वडील स्त्रीच्या मोबाईलाचा व बँकेचा गुप्त आंकडा या आठवड्यांत तिच्याकडून बदलवून घ्यावा, तो तिला पाठ होईपर्यंत थांबावें, आणि इतरांनीं तो विचारूं नये. सुनेच्या नांवें समितीची जागा असेल तर पुढल्या सभेस तिला धाडून त्या दिवशींचा स्वयंपाक आपण करावा.